पंगतीतलं सायडिंग

सत्यभामेचं लग्न झालं ते साल सत्त्याऐंशीचं. विहिरी कोरड्या पडलेल्या. लग्नाला पाणी साखर कारखान्याच्या टँकरचं, आणि पंगतीच्या रेघा आखायला चुनाही कारखान्याचाच. रेघा आखायचं काम नवरीच्या बापानं, धुळाजीनं, हौसेनं अंगावर घेतलं. तिथंच घोटाळा झाला.

बाहत्तरच्या दुष्काळात धुळाजी मुंबईबाजूच्या एका लोकल स्टेशनावर रुळांच्या देखभालीला गँगमन म्हणून लागला होता. आठ वर्षं राहिला. चुन्याचं घमेलं हातात आलं आणि हात आपोआप चालला, त्या स्टेशनाचे रूळच जमिनीवर उतरले. अप, डाऊन, मधला लूप, दोन सांधे आणि बाजूला वळून टँकरपाशी संपणारं सायडिंग.

अक्षता पडल्या, माणसं रेघांवर बसली. बुंदीची बादली घेऊन धुळाजीचा भाचा सुग्रीव वाढत वाढत सायडिंगात शिरला. दोन्हीकडं मांड्या, समोरही मांड्या.

"मामा, हितून बाहीर कसं पडायचं?"

"उलटा मागं जा. सायडिंग हाय ते."

तेवढ्यात शिरूरहून बंकट आला. तो धुळाजीच्याच गँगमधला. त्या स्टेशनाच्या सायडिंगवर एक मोडका मालडबा उभा असायचा. पहिले चार महिने दोघं त्यातच राहिले, एका तव्यावरची भाकरी खाल्ली. पुढं रेल्वेनं सायडिंग उखडलं. ते पाण्याच्या टाकीकडं होतं असं धुळाजीचं म्हणणं, सिग्नलच्या केबिनीकडं होतं असं बंकटचं. पाटोद्याच्या बाजारात यावरून जुंपली, तेव्हापासून सात वर्षं बोलणं बंद. लग्नाचं आवतण त्याला धुळाजीच्या बायकोनं, रतनबाईनं, नवऱ्याला न विचारता धाडलं होतं.

बंकट उन्हाला कपाळावर हात आडवा धरून रेघा बघत राहिला. मांडवातल्या तीनशे माणसांत ते स्टेशन त्यानं एकट्यानं ओळखलं.

"टँकर म्हंजे टाकी का बे?"

"व्हय."

"अन् लिंबाखालची आचाऱ्याची चूल, ती केबिन?"

"व्हय."

"मंग सायडिंग चुकलं. मी न्हाई बसत."

तो माघारी वळला. रतनबाई धावत आली.

"अवं, भाऊजी उपाशी गेले तर पोरीच्या लग्नाला बोल लागंल. पुसा ते."

"कावून पुसू? बरोबर हाय ते."

"असू द्या बरोबर. पुसा."

धुळाजीनं बंकटच्या पाठीकडं पाहिलं. लग्नासाठी घेतलेली कोरी चप्पल त्याला चावत होती, लंगडत चालला होता. धुळाजीनं चौदा माणसं पत्रावळीसकट उठवली, पायानं रेघ पुसली आणि चुलीकडं नवी ओढली. शेवटच्या टोकाला बंकटला बसवलं, शेजारी आपण बसला.

बंकटनं तीनदा बुंदी घेतली. मग हळूच म्हणाला, "टाकीकडंच व्हतं, धुळ्या."

"अन् सात वरीस भांडलास ते?"

"तवा तसंच आठवत व्हतं. आज रेघ बघितली अन् ध्यानात आलं."

"मंग पुसायला कावून लावलंस बे?"

"तिकडं लई ऊन हाय."

धुळाजीला ठसका लागला तो पाणी प्याल्यावरही थांबेना.

बंकटच्या तेराव्याला रेघा धुळाजीनंच आखल्या. सायडिंग चुलीकडं काढलं, सावलीत. बंकट वारला एकोणनव्वद साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.