चौदावी खुर्ची

तुम्ही मला कोंडलंत, आणि कोंडायला कुलूप माझंच वापरलंत... करगोट्याला बांधलेली पितळेची किल्ली एसटीच्या प्रत्येक धक्क्याला ओटीपोटात टोचत होती आणि प्रत्येक टोचणीला सयाजी हे वाक्य मनात पहिल्यापासून म्हणत होता. पाच महिने घासून घासून त्यानं ते गुळगुळीत केलं होतं. कोणाच्या तोंडावर मारायचं तेही ठरलं होतं. फक्त तो माणूस आज खरोखरच महाडात, शाळेच्या हॉलात, पांढरा पडदा लावून बसला असेल, याची तयारी त्यानं कधी केली नव्हती.

पोलादपूरहून सुटलेल्या गाडीत निम्मी वाडी होती. पुढच्या बाकावर गोमाजी, वाडीचा म्हातारा गावकर, ठेवणीतलं मुंडासं बांधून. शेजारी तुळसा, सयाजीची बायको, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. मागं भिकू, गिरणीतून रजेवर आलेला. बातमी आणली ती त्यानंच. मुंबईच्या नाटकाच्या कॉलेजातले सर विलायतच्या सहलीची रंगीत चित्रं दाखवणार, दुपारी तीनला, फुकट. आणि ह्याच सहलीत आपला सयाजी गेला होता, मृदंग घेऊन, वाडीच्या शिमग्याच्या खेळ्यांची सोंगं, लाकडी मुखवटे, घेऊन. मग कोण घरी बसतंय?

"सयाज्या, तू नावंत बसलास तो फोटू असंल ना रे?" गोमाजीनं मान वळवली.

"असंल, आबा."

"आन् त्या उघड्या नाटकघरात पाऊस आला, तरी मान्सं उठली नायत, तो?"

"पावसाचा फोटू कसा येईल, आबा?"

"कलर हाय, आबा, कलर!" भिकू मागून ओरडला. "कायपण येतंय. सयाजीदादा टाय लावून मडमेच्या बाजूला, एकदम फस्क्लास! वैनी, तुमी तेवढं डोळं झाकून घ्या."

गाडी हसली. तुळसा हसली नाही. ती खाली बघत होती, त्याच्या पायांकडे. विलायतसाठी घेतलेले काळे बूट त्यानं आज घातले होते.

नावेतली गोष्ट खोटी होती. पावसाची खोटी होती. किल्ल्याची, राजाच्या पहारेकऱ्यांची, त्या थोर नाटककाराच्या गावातल्या तिरक्या लाकडी घरांची, सगळी खोटी. घडली होती सगळी, पण सयाजीला नव्हती घडली. तो खोलीत होता. सहा आठवडे, पाच गावं, पाच खोल्या, आणि प्रत्येक खोलीत खाटेखाली सोंगांची पेटी.

दोष द्यायचा तर आधी स्वतःच्या जिभेला द्यावा लागतो... शिमग्यात सर वाडीवर आले, रात्रभर खेळे बघितले, सकाळी पेटीपाशी येऊन बसले. आणि हा शहाणा, कोणी न विचारता सांगायला लागला: नारळ फोडून सोंगं बाहेर काढली की उतरवणीचा, म्हणजे ती परत ठेवायचा, नारळ फुटेपर्यंत पेटी एकटी ठेवायची नाही. एक माणूस कायम राखणीला. आमच्या बापानं राखली, त्याच्या बापानं राखली. सरांनी चष्मा काढून पेटीला हात जोडले तेव्हा सयाजीची छाती केवढी फुगली होती! मुंबईचा माणूस आपल्या रीतीपुढं वाकला. पुढं समुद्रापार सोंगं न्यायची म्हटल्यावर गोमाजीनं परवानगी दिली तीही याच अटीवर. वाडीत नारळ फोडला, किल्ली सयाजीच्या करगोट्याला स्वतः बांधली आणि म्हणाला, "पेटी एकटी पडली तर तुझ्या घरातला मान गेला. ध्येनात ठेव."

आणि लंडनमधली पहिली संध्याकाळ. कॉलेजातली बारा पोरंपोरी नटूनथटून जिन्यात उभी, नाटकाची चौदा तिकिटं काढलेली, बारा त्यांची, एक सरांचं, एक सयाजीचं. त्यानंही बूट घातले होते. सर दारात थांबले, पेटीकडे बघितलं आणि हळू, अगदी देवळात बोलावं तसं म्हणाले, "सयाजीराव, तुमची रीत आम्ही मोडणार नाही." मोडा की! — हे तोंडापर्यंत आलं होतं. पाळीपाळीनं बसू, असं कोणी एक पोर म्हणेल म्हणून तो बघत राहिला. कोणी म्हणालं नाही. जिना वाजत गेला, खालचं दार वाजलं, मग काहीच वाजलं नाही. रीत माझी, मान माझा, आणि मी मात्र भिंतीला चिकटवलेल्या कागदावरची गुलाबं बघत बसलेला. माणसाला बांधून घालायला दोर लागतो असं कोण म्हणतं? दोन हात जोडले तरी पुरतात.

पुढं मग विचारायचंही बंद झालं. "चला, सयाजीराव आहेत पेटीपाशी." चार ठिकाणी खेळे झाले तेव्हा त्यानं मृदंग वाजवला, लोकांनी टाळ्या दिल्या, सोंगं पोरांनी लावली. ते दिवस सोडले तर तो गॅसच्या शेगडीवर भात शिजवायचा आणि वाट बघायचा. पोरं थंडीनं नाकं लाल करून यायची, खाटांवर आडवी पडून बोलायची आणि तो ऐकायचा. कोणता नट कसा मेला, नाव कुठं हलली, किल्ल्याला पायऱ्या किती. इतकं ऐकलं, त्यांनी आणलेली चित्रांची कार्डं इतकी बघितली, की एकदा एक पोरगी नाटकातला प्रवेश चुकीच्या जागी सांगत होती तेव्हा हाच म्हणाला, "नाय, तो राजा मेल्यावर येतो." सगळी हसली, त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

त्याच रात्री त्या पोरांतला सहदेव म्हणाला. सहदेव भला मुलगा, त्याच्यासाठी कधी एक सफरचंद, कधी पाव घेऊन यायचा. "सयाजीराव, तुमचं तिकीट काही वाया जात नाही हं. तुमच्या खुर्चीवर आम्ही सगळ्यांचे कोट ठेवतो. फार सोय होते." वाईट माणसाचं बोलणं झाडून टाकता येतं. भल्या माणसाचं आत रुतून बसतं, काढायलाही लाज वाटते.

गाडी सावित्रीच्या कडेनं चालली होती. पलीकडच्या उतारावर नाचणीच्या मोकळ्या खाचरांना धरून गडगे, नुसते दगड रचलेले बांध, वर गेले होते, आणि गडगे दिसले की त्याला ती दुपार आठवे... ती आठवली की हात आपोआप किल्लीवर जाई.

रविवार होता. उत्तरेकडचं डोंगराळ गाव. सगळी मंडळी मोठं देऊळ बघायला गेलेली. त्यानं पेटीचं कुलूप दोनदा ओढून बघितलं, तिच्यापुढं डोकं टेकलं आणि बाहेर पडला. पाच खोल्यांतून पहिल्यांदा, एकटा. गल्ली संपली तिथं गाव संपलं. कुरण होतं, मेंढरं होती, आणि एक म्हातारा कोसळलेला गडगा रचत होता. माती नाही, चुना नाही, दगडावर दगड, मध्ये चिपा. अगदी वाडीवर रचतात तसा. सयाजी बराच वेळ उभा राहिला. मग खाली वाकून त्यानं एक दगड उचलला आणि बसवला. म्हाताऱ्यानं बघितलं, दगड काढला, फिरवून लांब बाजू आत घातली, बसवला आणि मान डोलावली. शब्द एक नाही. सयाजीनं दुसरा बसवला, लांब बाजू आत. तो म्हाताऱ्यानं काढला नाही.

तासभर. तेवढीच त्यानं विलायत बघितली.

परत धावत आला. पेटी होती तशी. कुलूप तसंच. घरी पत्र टाकलं, उलट टपालानं उत्तर आलं, सगळी खुशाल, म्हैस व्याली. काहीही झालं नव्हतं! आणि याचंच त्याला भय वाटत होतं. देव कोपला असता तर बाकीचे दिवस राखण केली त्याला अर्थ होता. काही होतच नव्हतं, तर मी तिथं बसलो होतो कशासाठी? हे कुणाला विचारायचं? गोमाजीला विचारलं तर मान जातो. आणि मान वाचवायचा तर नावेत बसल्याचं सांगत राहायचं. गडग्याची गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. सात समुद्र ओलांडून गडगा बघितला, असं कोण सांगतं?

महाडात उतरून सगळे चवदार तळ्यावरून शाळेकडे निघाले. ह्याच तळ्यापर्यंत, पाणी नाकारलेली माणसं एकदा चालत आली होती, पायऱ्या उतरून त्यांनी ओंजळी भरल्या होत्या. कोणाची परवानगी मागत बसली नव्हती. वाडीवर ही गोष्ट मोठ्यानं कोणी सांगत नसे. बाप सांगायचा तो आवाज बारीक करून, जणू चोरी आपल्याकडूनच झाली होती. सयाजी पाण्याकडे न बघता पुढं गेला.

हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. भर दुपारी आत अंधार. पडद्यापाशी सर, तसेच, सडपातळ, चष्मा काढून पुसणारे. यंत्र खटक करी आणि पडद्यावर नवीन चित्र येई.

"इथं आम्ही नदीवर गेलो." खटक. "हे त्या नाटककाराचं घर." खटक. "इथं आम्ही सगळे किल्ल्यावर."

सगळे. सयाजीनं मोजले. तेरा.

"आता येईल," भिकू कुजबुजला. आणखी चार चित्रं गेली. "पुढच्यात." आणखी सहा. वाडीची माणसं पडद्याकडे बघायची सोडून एकेक करून सयाजीकडे बघू लागली. अंधारात त्याला ते चेहऱ्यावर जाणवत होतं.

तुळसा त्याच्या कानाशी वाकली. "अवो, तुमी खोलीतच होतात ना?"

त्यानं पाय मागं ओढून घेतले.

"बुटांचे तळ बगितले तवाच कळलं मला. आल्या दिवशीच." जरा थांबून ती म्हणाली, "नवेच्या नवे."

पाच महिने. पाच महिने ही बाई त्याच्या नावेच्या गोष्टी ऐकत होती, शेजारणींना सांगू देत होती आणि बूट पुसून ठेवत होती... त्या खोल्यांमधून तो परत आला असं त्याला वाटलं होतं, आला नव्हताच. इथंही एकटाच बसला होता, आणि पलीकडच्या खाटेवर ही, तिच्या गप्पपणासकट.

"ओ मास्तर!" गोमाजी उभा राहिला. "आमचा सयाजी कुटं हाय त्येच्यात?"

यंत्र थांबलं. सरांनी अंधारात डोळे ताणले. "सयाजीराव आलेत? अरे वा! मंडळी, हे चित्रांत नाहीत, कारण हे आमच्याबरोबर कुठं फिरायला आलेच नाहीत. सहा आठवडे ह्या माणसानं सोंगांची पेटी राखली. एक क्षणसुद्धा एकटी सोडली नाही. आम्ही नाटकं बघितली. पण नाटक ज्यातून आलं ती श्रद्धा मी बघितली ती ह्यांच्यात." आणि त्यांनी हात जोडले. तसेच.

टाळ्या पडल्या. महाडच्या शिकलेल्या माणसांच्या, मोजक्या.

"म्हंजे नावंत नाय बसला लेकाचा!" भिकू फिसकन हसला. पण गोमाजीनं त्याला गप्प केलं. म्हातारा मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसत होता. "थापा मारल्या तर मारूदे रे. पेटी नाय सोडली! एवडं सगळं बगायला असून नाय सोडली! सयाज्या, आता पेटीचा मान जलमभर तुजाच."

जन्मभर. किल्ली टोचली.

खोटं उघडं पडलं, तर ते असं? शिव्या नाहीत, थट्टा नाही. एक खोटं काढून घेतलं आणि त्याच्या जागी दुसरं दिलं, पहिल्याहून मोठं, हार घालून. हेही घेऊन बसायचं. ह्या दोघांमध्ये, ह्या हात जोडणाऱ्यामध्ये आणि ह्या डोळे पुसणाऱ्यामध्ये, खाटेखाली पेटी ठेवून.

तो उठला ते त्याला कळलं नाही. बूट फरशीवर वाजले, नवे, करकरीत. पाच महिने घोटलेलं वाक्य तोंडात आलं आणि अगदीच निकामी वाटलं. कोंडलंत म्हटलं तर हे पुन्हा हात जोडतील.

"सर," तो म्हणाला. "चौदा तिकटं होती."

"हो, सयाजीराव. अर्थात."

"चौदाव्या खुर्चीवर काय ठेवलं होतंत?"

सर हसले, मग हसायचे थांबले. चष्मा हातात राहिला. यंत्राचा पंखा घुर्र करत होता. गोमाजी म्हणाला, "खाली बस रे," आणि तुळसानं, कोणाला दिसलं नाही, पण तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. बसवायला धरलं की उभं ठेवायला, हे त्याला समजलं नाही.

मलाही एक सांगायचं आहे. एका दुपारचं, एका गडग्याचं. मान जाईल तर जाईल. पण आधी तुम्ही. मला ते माहीत आहे, तरी तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, ह्या सगळ्यांसमोर.

"सांगा ना, सर. काय ठेवलं होतंत?"