भोंगा टीव्हीवर येणार म्हणून

दुपारी आमच्या घरात कोणी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, ठमी झोपलेली असते. ठमी म्हणजे माझी सात महिन्यांची लेक. दिसायला गोल गुबगुबीत, पण झोप सशाची. वाटीवर चमचा टेकला तरी डोळे टक्क उघडते आणि मग संध्याकाळपर्यंत सगळ्या घरावर राग काढते. म्हणून ती झोपली की आम्ही तिघं, म्हणजे आई आणि बाबा, माझे सासू-सासरे, आणि मी, खुणांवर येतो.

खुणा बाबांच्या. त्यांची सगळी नोकरी पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात झाली. तिथल्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसायचा, त्यामुळे माणसं हातांनी बोलायची आणि एकमेकांचे ओठ वाचायची. मूठ वळली की ‘थांब’. दोन बोटं गालाला लावली की ‘चहा’. कानाची पाळी ओढली की ‘साहेब येतोय’. आमच्याकडे आता कानाची पाळी ओढली की ‘ठमी उठतेय’.

“कारखान्यानं यांना खुणा दिल्या आणि कान ठेवून घेतले,” असं आई म्हणतात. कानाचं मशीन बाबांनी थोडे दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, “परत सगळे डबेच वाजतात. पगार मात्र कुणी देत नाही.”

समोर माणूस असला की त्यांचं काही अडत नाही. अडतं ते लेकीपाशी.

माझ्या नणंदेला घरात सगळे भोंगा म्हणतात. नाव बाबांनीच ठेवलेलं. कारखान्याचा भोंगा वाजला की बाबा घरी यायचे, आणि ते चपला काढतात तोवर घरचा भोंगा सुरू व्हायचा: शाळा, मैत्रिणी, कुणी कुणाला ढकललं, कोण कसं पडलं. आता ती दूर दुसऱ्या शहरात राहते आणि व्हॉलीबॉलच्या सामन्यांची कॉमेंट्री करते. फोनवर ती काय बोलते ते बाबांना कळत नाही. व्हिडिओ कॉल करावा, तर ही बया बोलता बोलता घरभर फिरते. पडद्यावर अर्धं कपाळ आणि अख्खा पंखा. बाबा जरा वेळ पंख्याकडे बघतात, “बरं बरं” म्हणतात आणि फोन आईंच्या हातात देतात. वर्षभर तरी बापलेकीचं एवढंच बोलणं.

आणि आज भोंगा टीव्हीवर येणार होती. पहिल्यांदाच. बायकांच्या व्हॉलीबॉलची फायनल, चार वाजता.

“दिसेल ना ती?” बाबांनी सकाळी मला विचारलं.

मी ओठ नीट हलवत म्हटलं, “नाही बाबा. सामना दिसेल. ही बोलेल नुसती.”

“म्हणजे तोंड नाही दिसायचं.”

“नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पेपर उघडला. पान बराच वेळ उलटलं नाही.

भोंग्याला हे ठाऊक होतं. म्हणूनच तिनं होम थिएटर पाठवलं होतं. खोकं आदल्या दिवशी आलं. वर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘वहिनी, मधला लांबट स्पीकर बाबांच्या खुर्चीजवळ ठेव. बोलण्याचा आवाज त्यातून वेगळा आणि स्वच्छ येतो. दुकानात मी एका आजोबांना बसवून खात्री केलीय.’ दुकानातले कुठले आजोबा धरून बसवले असतील, देव जाणे.

नवरा गोदामात कामाला. सकाळी निघताना म्हणाला, “मी आल्यावर जोडू.” तो येणार सात वाजता. तोवर फायनल, बक्षीस समारंभ आणि भोंग्याचा घसा, सगळंच संपलेलं असणार. तेव्हा जेवणं झाली, ठमी आतल्या खोलीत झोपली आणि मी खोकं उघडलं.

आतून निघाला एक काळा डबा, त्याला पुढे गोल बटण. एक जाडजूड ठोकळा. चार लहान स्पीकर, एक लांबट. आणि वायरींचा असा गुंता, की माझ्या बाळंतपणातले केस आठवले. आईंनी वायरी सोडवल्या. बाबांनी टीव्ही भिंतीपासून ओढून धरला. मी मागे शिरले. सगळं चिडीचूप. प्लॅस्टिकची पिशवी वाजली तशी आईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं.

तसं काम सोपं होतं. सेट-टॉप बॉक्सची वायर टीव्हीला आधीपासून होतीच. टीव्हीतून एक नवी वायर होम थिएटरला न्यायची होती, तीही विशिष्ट भोकातूनच. त्यावर बारीक अक्षरं होती. मोबाईलच्या उजेडात मी ती अक्षरं शोधली, वायर बसवली, स्पीकर लावले. मग मेनूत जाऊन टीव्हीला सांगितलं, की बाबा रे, आता तू बोलू नकोस, बाहेरचे स्पीकर बोलतील.

चालू करायच्या आधी मी टीव्हीचा आवाज कमी केला. एकदम दणका नको. आईंनी काळ्या डब्याचं गोल बटण हलकेच मागे फिरवलं. बॉक्सचा रिमोट बाबांकडे होता, नेहमीच असतो. तेही काहीतरी दाबत होते. मी मूठ उघडली. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘चालू’.

चित्र आलं. दोन मुली कसलीशी साबणाची जाहिरात करत होत्या. आवाज नाही.

मी बाबांकडे पाहिलं. ते स्पीकरकडे झुकून बसले होते, तळहात कानामागे. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे. आपल्यालाच ऐकू येत नाही की कुणालाच येत नाही, हे ते आमच्या चेहऱ्यांवरून शोधत होते.

“अहो, नाहीच येत आवाज,” आईंनी ओठांनी सांगितलं. “आम्हालाही नाही.”

त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मला मात्र घाम फुटला.

मग सुरू झाली माझी वायरकाम विद्या. आधी वायर काढून उलटी लावली. दोन्ही टोकं सारखीच असतात हे लावल्यावर कळलं. मग मेनूत जिथे जिथे ‘आवाज’ लिहिलंय तिथे तिथे जाऊन आले. नवऱ्याला मागच्या बाजूचा फोटो पाठवला. जेवणाच्या सुट्टीत होता, लगेच उत्तर आलं: ‘टीव्ही मध्ये नको. बॉक्स सरळ होम थिएटरला, तिथून टीव्हीला.’ तसं केलं. आता आवाज तर नव्हताच, चित्रही गेलं. निळा पडदा, आणि मध्यभागी ‘सिग्नल नाही’.

“लग्नात मिळालेला मिक्सर पण यानंच जोडला होता,” आई कुजबुजल्या. “अजून उलटा फिरतो.”

मला हसू येईना. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते. बाबा उठून माझ्याजवळ आले आणि खांद्याला हात लावला. त्यांना कुजबुजता येत नाही, स्वतःचा आवाज कळत नाही ना. पण ठमीसाठी ते फक्त ओठ हलवायला शिकले होते.

“राहू दे पोरी,” त्यांचे ओठ म्हणाले. “आधी होतं तसं कर. चित्र दिसलं तरी पुष्कळ झालं. ती आहे तिथे, एवढं मला कळेल.”

आईंनी तोंड फिरवलं आणि त्या उगाचच टीपॉय पुसायला लागल्या.

मी परत टीव्हीच्या मागे शिरले. वायरी पहिल्यासारख्या लावल्या: बॉक्समधून टीव्हीला, टीव्हीतून होम थिएटरला. ती नवी वायर मी काढली नाही. काढवेना. चित्र परत आलं. चार वाजून गेले होते, मैदानात पहिला सेट सुरू झाला होता. म्हणजे भोंगा आत्ता बोलत असणार. अगदी आत्ता, आमच्या घरात, आणि कुणालाही ऐकू न येता.

मागून निघताना माझा गुडघा जाड ठोकळ्याला लागला. धप्प.

आतून ठमीचा सूर निघाला. पहिला सूर बारीक असतो, दारावरची घंटा दाबून पाहावी तसा. आईंनी चटकन कानाची पाळी ओढली. आणि त्याच क्षणी, एकमेकांकडे न बघता, आम्ही तिघांनी आवाज कमी केला. मी टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं. बाबांनी बॉक्सच्या रिमोटचं. आईंनी डब्याचं गोल बटण मागे फिरवलं.

नव्हताच तो आवाज कमी केला.

पडद्यावर टीव्हीची पट्टी आली, तिच्यावर शून्य. तिच्या खाली बॉक्सची पट्टी, तिच्यावरही शून्य. आईंचं गोल बटण आणखी मागे फिरतच नव्हतं. कधीचंच टोकाला जाऊन बसलेलं. मी तशीच थांबून त्या दोन शून्यांकडे बघत राहिले.

“आई,” मी चक्क मोठ्यानं म्हटलं, “तुम्ही हे बटण पहिल्यांदा कधी फिरवलंत?”

“अगं, मघाशीच! तू चालू करायच्या आधी. म्हटलं, एकदम ओरडायला नको.”

“आणि बाबा, तुम्ही?” मी त्यांच्या रिमोटकडे बोट केलं.

ते अपराध्यासारखे म्हणाले, “मी शून्यावरच ठेवतो हल्ली. ठमी घरी आली तेव्हापासून. नाहीतरी मला काय.”

म्हणजे पहिल्याच फटक्यात सगळं बरोबर जोडलं गेलं होतं. आवाज यायला आम्हीच वाट ठेवली नव्हती. एकानं दार लावलं, दुसऱ्यानं कडी घातली, तिसऱ्यानं कुलूप. आणि मी तासभर भिंत खणत बसले होते.

“वाढवा,” मी म्हटलं. दोन्ही हात वर नेत खूणही केली. “तिघांनीही वाढवा.”

“ठमी?” आई.

“उठलीय ती. वाढवा!”

सात महिन्यांत या घरात कुणी काही वाढवलं नव्हतं. अंदाज कुणाला असणार? तिघांनीही मन लावून वाढवलं. खोलीत एकदम अख्खं मैदान घुसलं. टाळ्या, शिट्ट्या, बुटांची चरचर. शोकेसच्या काचा थरथरल्या. आईंनी “अगं बाई!” म्हणून डब्यावर हात ठेवला, जणू तो उडून जाईल. आतली ठमी रडता रडता मध्येच थांबली. आणि त्या सगळ्या गदारोळातून, लांबट स्पीकरमधून, वेगळा, खणखणीत, धापा टाकत आवाज आला:

“... उंच उडाली, मारला, आणि अडवला! काय अडवलाय! समोरच्या पोरीला वाटलं भिंतच आली! बघा, बघा तिच्याकडे, अजून विश्वास बसत नाहीये तिचा...”

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. तळहात कानामागून कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नाही. मग ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज घरभर गेला, “श्वास घेत नाही कार्टी. लहानपणापासून सांगतोय.”

मी ठमीला घेऊन आले. चिडून लाल झाली होती, पण डोळे मोठे करून ती स्पीकरकडे बघायला लागली. बाबांनी हात पुढे केले. मी तिला दिलं. तिसरा सेट सुरू झाला तेव्हा ती आजोबांच्या खांद्यावर गाल चेपून झोपली होती. काचा थरथरत होत्या, आत्या ओरडत होती, आणि सशाची झोप गाढवाची झाली होती. मी आणि आईंनी एकमेकींकडे पाहिलं. सात महिने आम्ही चमचे हळू ठेवत होतो.

सामना संपला आणि दहाएक मिनिटांत फोन वाजला. आईंनी उचलला. पलीकडून भोंग्याचं सुरू झालेलं मलाही ऐकू येत होतं. “आई, जोडलं का गं? वहिनीला जमलं? बाबांना काही...”

बाबांनी हात पुढे केला. आईंनी फोन दिला. एका खांद्यावर ठमी, दुसऱ्या कानाला फोन. पलीकडचं ऐकायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही.

“हे बघ,” ते म्हणाले, “दुसऱ्या सेटला सर्व्हिस नऊ नंबरच्या पोरीची होती. तू सात नंबर म्हणालीस. नंतर स्वतःच दुरुस्त केलंस, पण घाईघाईत. चुकलं तर थांबून सांगावं. बाकी बरी बोललीस. आणि श्वास घे.”

एवढं बोलून त्यांनी नेहमीसारखा फोन आईंकडे दिला.

आईंनी तो कानाला लावला. दोनदा “हॅलो” म्हणून पाहिलं. मग फोन खाली घेऊन त्यांनी बाबांना दिसेल असं, ओठ सावकाश हलवत सांगितलं, “काही बोलतच नाहीये ती.”