फौजदार दाणे टिपेना

देवाला बोट दाखवून काही कबूल करू नये, असं जुन्या बाया सांगत. कोंबडा देईन म्हणावं, हा कोंबडा देईन म्हणू नये. सोमारीबाईला तिच्या सासूने हे चूल सारवता सारवता सांगितलं होतं, पण त्याला झाली चाळीस वर्षं. आणि एकुलता पोरगा विमानात बसायला निघतो त्या सकाळी सासूची शिकवण कोणत्या आईला आठवते?

दिनेश पोलंडला गेला तेव्हा जांभूळटोल्याच्या शिवेवर, मोहाच्या झाडाखाली, मातामायच्या शेंदूर लावलेल्या दगडांपुढे उभं राहून सोमारीबाईने हात जोडले होते. "माय, पोराले तिथी दाना-पानी भेटू दे. सुखरूप वापस आन. तो आला का गावात पाय टाकायच्या पहिले, माह्या चुलीचा घास त्याच्या तोंडात जायच्या पहिले, तुले कोंबडा देईन." एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण शेजारी एक काळं पिल्लू माती उकरत होतं. तिने त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हाच."

त्या पिल्लाचा तीन वर्षांत फौजदार झाला. नाव गावानेच ठेवलं. कारण तो चालायचाच तसा, छाती काढून, मान वळवून, येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतल्यासारखा. मातामायची अमानत म्हणून त्याला कोणी दगड मारायचं नाही, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. ग्रामसेवकाच्या पोटरीला तो दोनदा चावला. शेजारची इतवारी त्याच्या भीतीने मागच्या दाराने पाण्याला जायची. "दिनेश कधी येऊन राह्यला?" असं गावात कोणी आस्थेने विचारलं, की सोमारीबाईला बरोबर कळायचं की विचारणाऱ्याला दिनेशची नाही, फौजदारच्या शेवटाची ओढ आहे.

दिनेश पोलंडला करायचा काय, तर सात्या, म्हणजे अळंबी, तोडायचा. इथे पावसाळ्यात जंगलात आपोआप उगवतात त्या सात्या तिथे म्हणे मोठ्या थंड खोल्यांमध्ये फळ्यांवर उगवतात. लच्छू पुजाऱ्याला हे काही केल्या पटलं नव्हतं. "सात्या तोडाले इतक्या दूर काऊन गेला बा तो? अन् पैसे बी तेच लोक देतात?" तो दर आठवड्याला सोमारीबाईच्या नवऱ्याला विचारायचा. नवरा, बुधू, मुळातच अबोल. तो नुसती मान हलवायचा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, सादिकभाऊची काळी-पिवळी जीप धूळ उडवत शिवेवर आली. अख्खा टोला मोहाखाली जमला होता. फौजदारच्या पायाला सुतळी बांधून ती झाडाच्या मुळीला अडकवली होती. लच्छूने शिवेच्या दगडाला लागूनच पळसाचं पान, हळद, तांदूळ मांडून ठेवले होते.

दिनेश उतरला. गोरा नाही झाला, पण गुबगुबीत झाला होता. सोमारीबाई धावली, आणि शिवेच्या दगडापाशीच लच्छूने हात आडवा घातला. "बाई, तू जाशील तर जा. त्याले इकडं नको आनू."

तिने पलीकडे जाऊन पोराला कुरवाळलं. दिनेश म्हणाला, "माय, नागपूरपासून काही खाल्लं नाई. तुह्या हातचं खाईन म्हणून पोट रिकामं ठेवलं."

"दहा मिनिटं बाप्पा," सोमारीबाई म्हणाली. "हे झालं का घरी. नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, झिंग्यांची चटणी, सारं करून ठेवलं."

दिनेशने टपावरची बॅग खाली घेतली. तिला चाकं होती. सपाट फरशीवर ती मुक्याने चालत असेल, पण शिवेच्या गोट्यांवरून ओढताच ती अशी खडखडली की दोन म्हशी दावं तोडून पळाल्या. फौजदारने जन्मात भीती पाहिली नव्हती. ती त्याने त्या क्षणी पाहिली. सुतळी तुटली, पंख फडफडले, इतवारी किंचाळली, बाया-माणसं एकमेकांवर आदळली, आणि धूळ खाली बसली तेव्हा मुळीपाशी सुतळीचा तुकडा तेवढा उरला होता. सादिकभाऊ गाणं मोठ्याने लावून केव्हाच निघून गेला होता.

दोन तास गावाने झुडपं धुंडाळली. मग बुधूचा फोन वाजला.

"बुधूभाऊ, सादिक बोलून राह्यलो, कुरखेड्याहून. तुमचा कोंबडा माह्या मागच्या सीटवर बसून आला. खाली उतरूनच नाई राह्यला. सवारी बसू देत नाई."

सोमारीबाईने फोन ओढून घेतला. "सादिकभाऊ, लवकर घेऊन या त्याले! पोरगा शिवेवर बसला हाय माहा!"

"आनतो ना बाई. पन सवारी भरल्याबिगर गाडी कशी काढू? चार वाजता बाजार करून लोकं वापस निघतात, तवा येतो. टेन्शन नका घेऊ, माही पोरगी नूरी त्याच्या खातिरदारीत लागली."

आता आली का पंचाईत! दुसरा कोंबडा चालत नव्हता, कारण बोट दाखवलं होतं. दिनेश आत येत नव्हता, कारण आईने मायला शब्द दिला होता. तो जगाच्या त्या टोकापासून दोन दिवसांत इथवर आला आणि घर हाकेच्या अंतरावर असताना आपल्याच बॅगेवर बसून राहिला. घराचं कौल त्याला दिसत होतं. चुलीचा धूरही दिसत होता, आणि वारा घराकडून येत असल्यामुळे चटणीचा वासही येत होता.

गाव मात्र खूश होतं. पाहुणा घरात गेला की दाराआड जातो. हा उघड्यावर होता. सगळ्यांनी त्याला आळीपाळीने पाहिलं. त्याने आणलेली चॉकलेटं दुपारच्या आत संपवली. म्हाताऱ्या लटारूने तर स्वतःची खाट आणून शिवेच्या अलीकडे टाकली आणि आडवा होऊन चौकशी सुरू केली.

"तिथी बरफ पडते म्हणतात?"

"पडते ना, आजा."

"मंग बरफात सात्या कशा उगवतात?"

"खोलीत उगवतात. आत हीटर राहते."

"सात्याले हीटर," लटारू आभाळाकडे पाहून म्हणाला, "अन् माणूस शिवेवर."

सोमारीबाई घर आणि शीव यांच्यामध्ये येरझारा घालत होती. तिच्या लहानपणी देसाईगंजला रेल्वेत बसून कामाला गेलेला माणूसही परदेशी गेल्यासारखाच असायचा. तिचा थोरला भाऊ असाच गेला होता आणि दिवाळीला आला तो न कळवता, थेट चुलीपाशी येऊन बसला होता. आईने हातातली पळी तशीच त्याच्या डोक्यात हाणली आणि मग तासभर रडली. कबुली नाही, कोंबडा नाही. आपण उगाच शहाणपण केलं, असं तिला वाटत होतं. दिनेशची सुट्टी अकरा दिवसांची. त्यातला एक हा असा गोट्यांवर चालला होता.

चार वाजून गेल्यावर जीप आली. पुढच्या सीटवर, खिडकीपाशी, फौजदार बसला होता. मागे नऊ माणसं दाटीवाटीने बसली होती. पुढे तो एकटा.

"लई शरीफ जनावर हाय," सादिकभाऊ त्याला उचलून खाली ठेवत म्हणाला. "नूरीनं बिस्किटं दिली, खाल्ली. फरसाण दिलं, खाल्लं. दुपारच्या पुलावातला अर्धा डबा बी खाल्ला. पाहुणा म्हटल्यावर भुका कसा ठेवायचा?"

लच्छू पुजाऱ्याचा चेहरा उतरला. कारण रीत अशी होती, की पळसाच्या पानावर अख्खे तांदूळ ठेवायचे आणि कोंबडा पुढे धरायचा. त्याने दाणे टिपले तर मायने तो पसंत केला. नाही टिपले तर माय नको म्हणते, आणि ज्याला माय नको म्हणते त्याच्या मानेला सुरी लागत नाही.

फौजदारला पानापुढे उभं केलं. त्याने तांदळाकडे पाहिलं. मग लच्छूकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

"टीप ना रे," इतवारी काकुळतीला आली. तीन वर्षं ती या घटकेची वाट पाहत होती.

"जबरदस्ती नाई चालत," लच्छू म्हणाला. "त्याच्या मनानं टिपले पाहिजे."

सगळे गोल करून बसले आणि कोंबड्याला भूक लागायची वाट पाहू लागले. लच्छूने तांदूळ बदलले. लटारूने कोंबड्याला थोडं फिरवून आणा, जिरेल, असं सुचवलं. बुधूने त्याला मोहाभोवती पाच चकरा मारून आणलं. फौजदार परत येऊन पानाशेजारी बसला आणि त्याला ढेकर आली. कोंबड्याला ढेकर येते की नाही कोण जाणे, पण इतवारी आजही शपथ घेऊन सांगते.

सोमारीबाईचा धीर सुटला. ती दगडांपुढे बसली आणि भांडायलाच लागली. "माय, तू बी लेकरावाली. मी शब्द पाळून राह्यली ना? आता ह्यो मेला खाऊनच आला, त्यात माही काय चूक? माह्या पोराच्या पोटात सकाळपासून अन्न नाई, अन् तू..."

कुडुम कुडुम आवाज आला.

तिने वळून पाहिलं. दिनेश शिवेच्या दगडापलीकडे, पानापाशी उकिडवा बसला होता. नजर घराच्या धुराकडे लागलेली, आणि हात आपोआप पानावरून तोंडाकडे, तोंडाकडून पानावर. धानाच्या मुलखातलं पोर. सुपात तांदूळ दिसले की मूठ भरून तोंडात टाकायची खोड पोलंडला जाऊनही गेली नव्हती. पानावर तीन दाणे उरले होते. सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आलं तेव्हा त्याने तेही खाल्ले.

"दिनेश!" सोमारीबाई ओरडली.

"काय झालं?" तो भरल्या तोंडाने म्हणाला.

लच्छू पुजारी हळूच उठला, दोन पावलं मागे सरकला. "मायनं पसंत केला," तो म्हणाला.

"कोनाले?"

"ज्यानं दाणे टिपले त्याले."

मग बुधूने त्या दिवशीचं पहिलं वाक्य उच्चारलं. "कापता तर नाई येत त्याले."

"तसा तयार हाय," लटारू खाटेवरून म्हणाला. "तीन वर्षं चांगलं खाल्लं-पिल्लं."

हशा पिकला, पण सोमारीबाई हसली नाही. तिला एकदम तिच्या माहेरचा बोकड आठवला होता, एटापल्लीकडचा, ती सात-आठ वर्षांची असतानाचा. देवाला वाहिलेला, पण न कापता सोडून दिलेला. कपाळावर हळद लावलेला तो बोकड वाटेल त्या घरात शिरायचा, वाटेल त्या अंगणात झोपायचा. एकदा त्याने गुरुजींचं हजेरीपुस्तक खाल्लं आणि गुरुजींनी त्यालाच नमस्कार केला.

"लच्छूभाऊ," ती म्हणाली, "माय जे घेते ते एक तर कापतात, नाई तर सोडतात. होय का नाई?"

"होय."

"सोडलेल्याले कोनी अडवते?"

"त्याले कोन अडवन? देवाचं झालं म्हटल्यावर ते कुठीबी जाईन."

"मंग सोडा ना बाप्पा माह्या पोराले!"

लच्छूने डोकं खाजवलं. लटारूकडे पाहिलं. लटारूने मान डोलावली. त्यालाही घरी जायचं होतं. मग लच्छूने दिनेशच्या कपाळाला हळद फासली, पाठीवर थाप मारली आणि गुराला हाकतात तसं "हॅ:" म्हणाला.

दिनेशने शिवेचा दगड एका उडीत ओलांडला.

"अन् ह्यो?" इतवारीने फौजदारकडे हात केला. "ह्याचं काय?"

"त्याले माय नको म्हनाली," लच्छू म्हणाला. इतवारी मटकन खाली बसली. ग्रामसेवकाला कोणी तरी लगेच फोन लावला. वाईट बातमी उशिरा कळवू नये.

घरी सोमारीबाईने पाट मांडला, ताटात भाताचा डोंगर घातला, डाळीला खड्डा केला. दिनेशचा पहिला घास तोंडाशी गेला आणि दाराशी इतवारी उभी. हातात वाटी, वाटीत अनारसे. ती आता सावरली होती.

"सोमारी, देवाचं सोडलेलं हाय ते. घरोघरी खाल्लं पाहिजे त्यानं. आमच्याकडं बी पाठव."

तिच्या मागे लच्छूची बायको होती. तिच्या मागे आणखी दोघी. सगळ्यांच्या घरात नवे तांदूळ आले होते, आणि गावात सोडलेलं जनावर पुष्कळ वर्षांनी आलं होतं.

सोमारीबाईने पदर खोचला आणि दारात दोन्ही हात आडवे लावले. "उद्यापासून न्या बायांनो, दहा दिवस हायेत. घर वाटून घ्या. आज ते इथीच चरून राह्यलं."

आतून दिनेशचा आवाज आला, "माय, चटणी."