राहिले की गेले

चक्रीवादळाने अर्धे गाव नेले आणि उरलेल्या अर्ध्याचे काय करायचे हे ठरवण्यासाठी सरकारने एक सभ्य गृहस्थ पाठवला. सभ्यपणाचा उल्लेख आरंभीच केलेला बरा, कारण त्याने घेतलेल्या सभेत जे घडले त्यात, एका बाईचा अपवाद सोडला, तर कोणी आवाज चढवला नाही, आणि खोटे तर कोणीच बोलले नाही. माणसाला बेघर करायला खोटे बोलावे लागते हा समज मागासलेला आहे. भाषा पुरेशी मुरलेली असली की खऱ्यावरही भागते.

सभा शाळेच्या सभागृहात भरली होती. सभागृहाचे पत्रे वादळात उडून खाडीपलीकडे पोचले होते, म्हणून वर निळी ताडपत्री ताणली होती, आणि तिच्यातून झिरपणाऱ्या उजेडात सगळे गाव जरा बुडाल्यासारखे दिसत होते. ताडपत्रीवरची शिवण इंजिनवाल्याच्या, म्हणजे बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्याच्या, बायकोची. वादळानंतर गावातल्या बहुतेक छपरांवर तिचाच टाका होता. लोक तिला 'बाई, तू होतीस म्हणून डोकं कोरडं राहिलं' असे म्हणत, आणि खरेच म्हणत. ती बायकांच्या मागच्या रांगेत सासूला चिकटून बसली होती.

भिंतीवर गावाचा नवा आराखडा लावला होता. त्यात झाडे होती, बाके होती, बाकांवर बसलेली, या गावात कधी कोणी न पाहिलेली सडपातळ माणसे होती, आणि धक्क्यापासून बर्फाच्या कारखान्याजवळून हमरस्त्याला भिडणारा एक रुंद लाल पट्टा होता.

"हे सगळं तुमचंच स्वप्न आहे," साहेब म्हणाले. "मी फक्त रेषा मारल्यात."

आपले स्वप्न दुसऱ्याच्या हस्ताक्षरात पाहून लोक टाळ्या वाजवतात, तशा टाळ्या पडल्या.

लाल पट्टा तीन ठिकाणांहून जाऊ शकत होता. एक, बर्फाच्या कारखान्याच्या आवारातून. दोन, शाळेच्या नव्या मैदानातून. तीन, सरळ, इंजिनवाल्याच्या जागेवरून, जिथे त्याचे दुरुस्तीचे दुकान आणि मागे दोन खोल्या होत्या आणि आता चौथरा, अर्धी भिंत आणि भिंतीला अडकलेला एक पंखा एवढेच होते. नियम असा होता की जो गावात राहिला त्याला होत्या त्या जागी घर मिळेल. जो वारला त्याच्या वारसांना तेच घर मिळेल. जो गाव सोडून गेला त्याची जागा, घरचे मागे राहिले तरी, सार्वजनिक होईल. मृतदेह सापडला असेल तिथे प्रश्नच नव्हता. सापडला नसेल तिथे 'गावाच्या साक्षीने ठरवावे' असे म्हटले होते. हे वाक्य लिहिणाऱ्याची सत्यावर श्रद्धा असावी, किंवा तो गावात कधी राहिलेला नसावा. आणि असे प्रकरण गावात एकच होते.

त्यात गूढ काही नव्हते. वादळाच्या दिवशी बर्फाच्या कारखान्याच्या मालकाची नवी बोट खाडीच्या तोंडाशी नांगर ओढत होती आणि तिचे इंजिन सुरू होत नव्हते. बर्फवाल्याने, गाव त्याला याच नावाने ओळखते, इंजिनवाल्याला हाक मारली. बर्फवाल्याचा आवाज कधीच चढत नाही; धंद्याचे तापमान त्याच्या गळ्यातही असते. "जरा बघून ये रे," तो म्हणाला, "तुझ्याशिवाय ते कोणाचं ऐकत नाही." इंजिनवाला छोट्या होडीतून गेला. थोड्या वेळाने वाऱ्यातही इंजिन सुरू झाल्याचा आवाज काठावरच्या माणसांनी ऐकला, आणि कोणीतरी 'शाब्बास!' असेही ओरडले. मग समुद्र आत आला. दुसऱ्या दिवशी बोट तिवरांत अलगद टेकलेली सापडली, धक्का न लागलेली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झाले. माणूस मात्र तिच्यात नव्हता. "काम चोख होतं त्याचं," असे बर्फवाला तेव्हापासून भेटेल त्याला सांगत असे, आणि सांगताना त्याचा गळा दाटून येई.

हा दाटलेला गळा घेऊन आराखड्याची चर्चा सुरू झाल्यापासून तो इंजिनवाल्याच्या आईकडे वरचेवर जाऊ लागला होता. "मावशी, एका जहाजानं काही माणसं उचलल्याचं ऐकलंय," तो तिला सांगे. "लांबच्या बंदरात उतरवली म्हणे. धीर सोडू नका." आशा ही दान करायला सर्वांत सोयीची वस्तू आहे. ती देणाऱ्याची कमी होत नाही, आणि घेणाऱ्याला ती परत करता येत नाही.

साहेबांच्या हातात टिकल्यांची पाने होती, हिरव्या आणि पिवळ्या. त्यांनी नकाशावर बोट ठेवले.

"किनाऱ्याकडून पहिलं घर. राहिले की गेले?"

"राहिले!"

"शेजारचं?"

"गेले, साहेब. लेकीकडे."

"हे पत्र्याचं?"

"ते तर वादळाच्या आधीपासून जायला टपले होते," मागून कोणी म्हणाले. "वादळाला म्हणावं, भाड्याची गाडी तरी पाठवायची!"

सभागृह हसले. साहेबही हसले, पण किंचित उशिरा, कारण मृतांच्या गावात किती हसावे याचे त्यांना प्रशिक्षण मिळालेले होते. हिरवी टिकली, पिवळी टिकली, पुन्हा पिवळी. 'गेले' हा शब्द सकाळभर असा हातोहात फिरत राहिला, इतका की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या. आपल्या भाषेत माणूस मरत नाही, जातो. हा आपला संकोच आहे, आणि त्याला आपण संस्कार म्हणतो. एकच क्रियापद शहरातल्या मुलीकडे गेलेल्यालाही पुरते आणि समुद्राच्या तळाशी गेलेल्यालाही. एरवी या काटकसरीने कोणाचे नुकसान होत नाही.

"आता हे इंजिन दुरुस्तीचं घर," साहेब म्हणाले. "इथे जरा सावकाश जाऊ या."

इंजिनवाल्याची बायको उभी राहिली. "ते वारले, साहेब. यांची बोट सोडवायला गेले होते," तिने बर्फवाल्याकडे हात केला, "तेव्हा पाण्यात वारले. जागा आमचीच आहे. मला तिथंच राहायचंय, तिथंच मशीन टाकायचंय शिवणाचं."

सासूने तिचे मनगट ओढले. "बस खाली. जिभेला काही हाड? माझा मुलगा जिवंत आहे."

"आई, आत्ता नको. पाया पडते."

"मग कधी? तुला त्याला मारायची एवढी कसली घाई झालीय गं?"

"घर जाईल, आई."

"घर जाईल म्हणून मुलगा मारू? तो परत येईल तेव्हा काय सांगू त्याला, भिंतीसाठी तुला मारलं म्हणून?"

साहेबांनी दोघींनाही पुरते बोलू दिले. मग मृदू आवाजात म्हणाले, "आजी, तुमच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तुम्ही म्हणता मुलगा हयात आहे. तो इथे आहे का?"

"इथं कसा असेल? बंदरात उतरवलाय त्याला."

"म्हणजे हयात आहे आणि इथे नाही." साहेबांनी सभेकडे पाहिले. धुरावरून अग्नीचे अनुमान काढणाऱ्या जुन्या पंडितांनीसुद्धा इतक्या अलगद डोंगर पेटवला नसता. "ताईंचं म्हणणं वेगळं आहे. घरातच दोन मतं आहेत. अशा वेळी नियम गावाला विचारायला सांगतो."

"बाई, तुम्ही सांगा ना!" सून मुख्याध्यापिकेकडे वळली. "तुम्ही काठावर होतात. लाट आली तेव्हा तुम्हीच माझे डोळे झाकलेत."

मुख्याध्यापिका उठल्या. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द या गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनीच शिकवले होते, तिलाही. चूक झाली की प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून घेत. शाळेचे नवे मैदान नकाशावर त्यांच्या डोक्याच्या अगदी मागे, हिरवेगार, रंगवलेले होते. त्यांनी चष्मा पुसला.

"फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "गेला बिचारा."

"बाई, गेला म्हणजे काय ते सांगा."

"अगं, गेला म्हणजे गेला. सगळ्यांना ठाऊक आहे."

"यांना ठाऊक नाही. यांना सांगा."

"म्हाताऱ्या आईसमोर माझ्याकडून आणखी काय वदवून घेतेस?" मुख्याध्यापिकांचा आवाज कापला, आणि त्या बसल्या. कंप खरा होता. भ्याडपणालाही हृदय असते. ते फक्त योग्य वेळी भरून येते.

बर्फवाला उठलाही नाही. बसल्या जागेवरून, हात जोडून म्हणाला, "साहेब, बायका बसल्यात, म्हातारी बसलीय. काय बोलावं, किती बोलावं याची काही रीत असते. गेला तो. माझ्या सख्ख्या भावासारखा होता. काम चोख होतं."

"गाव काय म्हणतं?" साहेबांनी विचारले.

"गेला," रांगांमधून आले. "गेला हो." "चांगला माणूस होता, गेला." काही बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी माना खाली घातल्या. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे की रडणाऱ्यांपैकी कोणीही ढोंग करत नव्हते. तो मेला आहे हे प्रत्येकाला माहीत होते, त्या मरणाचे प्रत्येकाला दुःख होते, आणि त्या दुःखातूनच प्रत्येकाने नेमका तो शब्द उचलला ज्याच्यामुळे रस्ता सरळ जाणार होता.

ती अजून उभीच होती. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचा उल्लेख 'हे' आणि 'ते' असाच केला होता. आजारपणात, भांडणात, दाराआड, कुठेही एकेरीत नाही. मघाशी 'वारले' म्हणतानाही तिने त्याचा मान सांभाळला होता, आणि त्या मानाचे मोल काय झाले ते तिने आत्ताच पाहिले होते. शब्दाभोवतीचे सगळे आडपडदे फाडल्याशिवाय हा साहेब ऐकणार नाही, असे तिला वाटले असावे. तिने मान टाकून दिला.

"मेला!" ती ओरडली. "मेला तो, मेला!"

बायकांच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

"अगं बाई, काय तोंड हे!"

"बोलू दे गं. नवरा टाकून गेला की असंच निघतं."

"आमचा मेला असा परस्पर कुठं गेला असता तर मी पेढे वाटले असते!"

आता पुरुषही हसले. सकाळभर दाबून धरलेले रडे आणि कंटाळा यांना एकदम वाट मिळाली, आणि हशा भिंतीपर्यंत जाऊन परत आला.

"शिवी नाही देत मी!" ती म्हणाली. "मेला म्हणजे मेला! पाण्यात मेला!"

"पाण्यात मेला, मेला!" कोणीतरी मागून चाल लावली.

तिच्याजवळ दुसरा शब्द नव्हता. भाषेतला सर्वांत उघडा शब्द तिने काढला होता, आणि बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या उशिरा घरी येणाऱ्या, दारू पिणाऱ्या, मीठ जास्त झाले म्हणून ताट सारणाऱ्या नवऱ्यांवर तो इतका खर्च केला होता की त्याच्यात मरण शिल्लकच उरले नव्हते. जितक्या वेळा ती तो उच्चारी तितका तो नवरा अधिक जिवंत होई, कुठेतरी मजेत, बायको टाकून पळालेला. तिने मुख्याध्यापिकेकडे पाहिले. मुख्याध्यापिका पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

"ताई," साहेब हात वर करून म्हणाले, आणि हशा आज्ञाधारकपणे थांबला. "तुमचा राग मी समजू शकतो. स्थलांतराचा सर्वांत मोठा फटका मागे राहिलेल्या स्त्रियांनाच बसतो. मागच्या टेकडीवर आपण अशा एकट्या महिलांसाठी घरांची स्वतंत्र ओळ ठेवली आहे. पाण्याची सोयही होणार आहे."

ती खाली बसली. सासूने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत तिने सुनेला असे कधी जवळ घेतले नव्हते. सुईने भोके पडलेला तो अंगठा ती कुरवाळू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर वादळानंतर पहिल्यांदाच समाधान दिसले.

"दे शिव्या," ती म्हणाली. "पोटभर दे. मी नाही रागावणार. शिव्या जिवंत माणसालाच देतात गं."

साहेबांनी पिवळी टिकली चिकटवली. प्रकरण वादग्रस्त होते म्हणून टिकलीशेजारी त्यांनी पेन्सिलीने 'गेला' असे लिहिले. लिहून झाल्यावर ते जरा थबकले. एवढ्या कष्टाळू कारागिराचा एकेरी उल्लेख त्यांना बरा दिसेना. त्यांनी रबराने काना पुसला, वर मात्रा दिली, 'गेले' असे केले, आणि नकाशावरचे बोट पुढच्या घराकडे सरकवले.