तारेचा वेढा

आत्याने नाटकं पाहणं सोडलं, त्यात नाटकांचा दोष नव्हता, कानांचा होता. उभा जन्म नाट्यगृहात नटनट्यांचे कपडे शिवण्यात गेला आणि आता कानात यंत्र घालून बसलं, की मागच्याचा खोकला, खुर्चीची करकर, पिशवीची चुरचुर, सगळं खणखणीत ऐकू येई. संवाद तेवढे सोडून.

"नुसती तोंडं हललेली बघायला कशाला यायचं?" असं म्हणून ती घरी बसली.

तिची भाची त्याच नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळायची. लहानपणी या पोरीने घरातलं एकही घड्याळ धड ठेवलं नव्हतं. एका दुपारी तिने आत्याला ओढतच रिकाम्या प्रेक्षागृहात आणलं. सगळ्या खुर्च्यांभोवती, गालिच्याच्या कडेखालून तिने तारेचा वेढा घातला होता. तार कुठेही दिसत नव्हती. लपवलेल्या टाक्यांची आयुष्यभर पारख केलेली आत्या ते बघून मनातल्या मनात खूश झाली.

भाचीने तिच्या यंत्राचं बटण फिरवलं. आता यंत्र माइकने नाही, आतल्या चिमुकल्या कॉइलने, तारेच्या गुंडाळीने ऐकणार होतं. दार लोटावं तसं जग गप्प झालं. भाचीने तारेला बॅटरी जोडली. कानात टक् झालं, मग काहीच नाही. बॅटरी काढली, पुन्हा टक्.

आत्याने बटण मागे फिरवलं. "मधे गप्प का गं?"

"वीज वाहत होती, तारेभोवती चुंबकीय क्षेत्रही होतं. पण ते एकसारखं होतं. एकसारख्या क्षेत्राचं कॉइलला काही सोयरसुतक नाही. ते बदललं, तरच तिच्यात वीज उमटते. आवाज तर सतत बदलतच असतो ना? मग रंगमंचावरच्या माइकमधला सोडू या तारेत."

आत्याने बटण पुन्हा कॉइलवर आणलं. पण रंगमंचावरचे दिवे लागले आणि कानात भुणभुण सुरू झाली. दिव्यांच्या केबलमधली वीजही सारखी दिशा बदलत होती. भाची जमिनीवर आडवी झाली आणि वेढा केबलपासून दूर सरकवू लागली. गुडघे मळले, कोपर खरचटलं, पण ती थांबली नाही. आत्या बघतच राहिली. कुणावर गेली ही एवढी चिवट!

पुढच्या प्रयोगाला आत्या यंत्राचं बटण कॉइलवर फिरवून मधल्या रांगेत बसली. शेजारचा खोकत होता; त्याचे खांदे हलताना दिसले, आवाज नाही. आणि नायिकेने बोलण्याआधी घेतलेला श्वास थेट तिच्या कानात आला. आत्याचे डोळे भरून आले. एवढ्या गर्दीत कुणी आपल्याशीच बोलावं तसं!

मध्यंतरात आत्याने बटण मागे फिरवलं, तोच भाची धावत आली. "ऐकू येतंय ना?"

"शब्दन् शब्द!" आत्याने तिचं खरचटलेलं कोपर हलकेच कुरवाळलं. "काय जादू केलीस गं! पण नाटक मात्र अगदीच टुकार आहे."

"मग निघायचं घरी?"

"वेडी की काय? सरक बाजूला. दुसरा अंक सुरू होतोय."