मिनिटाला चोवीस

ओराथाय सात वर्षं वॉर्डात काढलेली नर्स. रक्त, उलट्या, नातेवाइकांची आरडाओरड, कशालाच ती कधी बधली नव्हती. पण थायलंडमधल्या खोनकेनला नर्सिंगचं एम.एस्सी. करायला आली आणि प्रबंधाचा आराखडा मांडताना प्राध्यापक कनोकपॉर्न यांच्यासमोर तिची अशी दातखीळ बसली, की स्वतःचं नाव सांगायचीही पंचाईत. आता तीन आठवड्यांनी दुसरी आणि शेवटची संधी होती. ती हुकली की अभ्यासरजा रद्द आणि हात हलवत गावच्या इस्पितळात परत.

तिच्या खोलीतली साइरुंग तिला कॉलेजमागच्या विहारात घेऊन गेली. तिथल्या पांढऱ्या वस्त्रातल्या साध्वी, मेची बुआफान, म्हणाल्या, "रोज सकाळी बसायचं आणि श्वासाकडे बघायचं. बाकी काही करू नकोस."

आठवड्यानं त्यांनी विचारलं, "काय गं, बघितलास श्वास?"

ओराथायनं वही पुढे केली. "सोमवारी मिनिटाला चोवीस होते. मंगळवारी बावीस. बुधवारी परत चोवीस झाले, मेची. सोळावर यायला हवेत ना?"

वहीत तारीख, वेळ, आकडे आणि खाली सहीसुद्धा होती. पेशंट मिळाला नाही म्हणून बाईनं स्वतःलाच भरती करून घेतलं होतं.

मेची इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "अगं, मी बघ म्हटलं होतं. राउंड घे नव्हतं म्हटलं."

"मग कळणार कसं, बरं चाललंय की नाही?"

"नाही कळणार. त्यानं काय बिघडलं?"

ओराथायला रागच आला. कळलं नाही तर माणसं मरतात, हे अगदी ओठांवर आलं होतं तिच्या. दुसऱ्या दिवशी ती घड्याळ काढून फुगलेल्या तोंडानंच बसली. आकडे सुरू व्हायचे, मध्येच तुटायचे. आठदहा दिवसांत तिला काहीच न कळता बसता यायला लागलं, आणि खरोखरच काही बिघडलं नाही. उलट भूक लागायला लागली.

आराखड्याच्या परीक्षेच्या दिवशी कनोकपॉर्नबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या बायकांना तुम्ही ध्यान शिकवणार. पण दमलेल्या बाईला तेही आणखी एक काम वाटलं तर?"

पाठ केलेली चार उत्तरं दाराशी धक्काबुक्की करू लागली. आपल्याकडे आचानसमोर, म्हणजे गुरूसमोर, 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणाच. ओराथायनं एक श्वास येऊ दिला, जाऊ दिला.

"माहीत नाही, आचान. पण तसं काम वाटतं, एवढं मला स्वतःवरून माहीत आहे."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं प्रत्येकाला विचारतेय. सगळे काहीतरी ठोकून देतात. तुम्ही शोधा, आणि सापडलं की मला शिकवा."

त्यांनी आराखड्यावर सही केली. ओराथाय खाली कॅन्टीनमध्ये गेली आणि भाजलेल्या कोंबडीबरोबर चिकट भाताच्या बांबूच्या दोन छोट्या टोपल्या एकटीनं संपवल्या.