धामणीसाठी अर्ज

"आवक नंबर टाका, शिक्का मारा आन् एक प्रत मला द्या," सर्जेराव खिडकीतून म्हणाले.

वनरक्षक मंजुषानं अर्ज वाचला. 'विषय : जंगली धामण घरी पाळण्यास कायदेशीर परवानगी मिळणेबाबत.' सोबत धामणीचा फोटो, लाईट बिल आणि आधार कार्ड. कार्ड अर्थात सर्जेरावांचं.

"काका, धामण सध्या कुठं आहे?"

"घरीच हाय की, पेटीत. लई गुणाची."

शिक्क्याची प्रत खिशात घालून सर्जेराव खुशीत निघाले. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. निर्णय होईपर्यंत 'जैसे थे', हे त्यांना पाठ. अर्ज एकदा फायलीत निजला की सात-आठ वर्षं कुणी उठवत नाही. तोवर धामण आपली, आणि कायदाही पाळला!

दुष्काळानं चिकलठाण्यातले बोअर आटले होते. शेजारच्या प्लॉटवर इमारत उठणार म्हणून तिथली विहीरही बुजवली. तिथली धामण पाण्यासाठी थेट यांच्या न्हाणीत आली. सर्जेरावांनी तिच्यावर बादली उपडी घातली, एका पेटीला जाळी ठोकली आणि तिला त्यात घालून न्हाणीतच ठेवलं. त्यांची स्वतःची शेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती, म्हणून या बेघर जिवावर त्यांची माया बसली. बायको, चतुराबाई, तेव्हापासून शेजारणीकडे आंघोळीला जात होती.

पण वनखात्याच्या कचेरीत नवा साहेब आला होता. सर्जेराव घरी येऊन चहा पितायत तोच कापडी पिशवी घेऊन मंजुषा दारात हजर.

"आजच?" सर्जेरावांचा कप हातातच राहिला. सरकारी खात्याची ही काय दशा झाली! "मॅडम, आवो अर्ज निकाली निघू द्या की!"

"निघाला. रानातला साप पाळायची परवानगी कुणालाच नसते, काका."

"मंग अर्ज घेतला कशाला?"

"त्यात पत्ता होता. हा गुन्हा आहे. स्वतःहून कळवलंत म्हणून साहेबांनी या वेळी ताकीद देऊन सोडलंय."

"काय कमी केलं मी तिला? पाणी हाय, उंदीर हाय, खाली गोधडी हाय. मी आलो की जाळीपाशी येऊन बघती माझ्याकडं."

मंजुषानं पेटी उजेडात ओढली. धामणीचं नाकाड सोलून लाल झालं होतं.

"तुमच्याकडं नाही बघत ती. बाहेर पडायला धडका मारतेय. पाणी दिलंत ते चांगलं केलंत, काका. झाकायला नको होतं."

सर्जेरावांनी वाकून ते नाकाड नीट पाहिलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"पेटी जाळा ती," आतून चतुराबाई म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"सोडायला मीबी येतो," सर्जेराव म्हणाले.

विमानतळामागच्या ओढ्यात अजून डबकंभर पाणी होतं. मंजुषानं पिशवीची गाठ सोडून ती जमिनीवर ठेवली. धामण बाहेर आली आणि मागं न बघता काठाकाठानं सरसर निघाली. सर्जेरावांचे डोळे भरून आले.

"चला काका, झालं."

"थांब पोरी," ते हळूच म्हणाले. "दिसंनाशी व्हऊ दे. आपुन आधी पाठ फिरवली तर बरं नाय दिसत."